तापीकाठी दोन ग्रॅमचा हिशेब

गुजरातेत तापीकाठच्या काकरापारची 700 मेगावॉटची अणुभट्टी दिवसभर पूर्ण ताकदीने चालली, की तिच्यातल्या इंधनाचे वस्तुमान सुमारे दोन ग्रॅमने घटते. सुरतच्या हिरेबाजाराच्या मापात दहा कॅरेट. दिवसभर अखंड निघणारी 2100 मेगावॉटहून जास्त उष्णता आणि तिच्यातून निघणारी वीज यांच्यामागे घट एवढीच.

हे दोन ग्रॅम ‘जळून गेले’ असे सर्रास म्हटले जाते, आणि तिथेच गल्लत होते. युरेनियमचे केंद्रक फुटते तेव्हा त्यातले प्रोटॉन-न्यूट्रॉन नाहीसे होत नाहीत. मोजले तर तितकेच भरतात. बदलते ती त्यांची बांधणी. लहान केंद्रकांत ते जास्त घट्ट बांधले जातात, आणि ही घट्ट बांधणी होताना ऊर्जा बाहेर पडते. ती भट्टीबाहेर गेली की तेवढे वजन कमी भरते.

मग ऊर्जा म्हणजे नेमके काय? ती एखादी वस्तू नव्हे. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या कापड व्यापाऱ्याच्या वहीत माल, उधारी आणि रोकड वेगवेगळ्या रकान्यांत असतात, पण बेरीज जुळावी लागते. ऊर्जा ही तशी बेरीज आहे. ती कायम जुळते हे माणसाला कळले तेही कापडाच्याच एका गावात. मँचेस्टर तेव्हा सुती गिरण्यांनी गजबजलेले होते. तिथल्या बीअर कारखानदाराच्या घरातल्या जेम्स जूलने 1840 च्या दशकात दोरीला वजने बांधून ती खाली सोडली. त्या ओढीने पाण्यातली पाती फिरत आणि पाणी अगदी किंचित तापे. वजन किती उतरले आणि पाणी किती तापले, यांचे प्रमाण दर वेळी सारखेच निघे.

त्या बेरजेलाच वस्तुमान असते, हे 1905 मध्ये आइन्स्टाइनने तीन पानांच्या एका लेखात मांडले. पदार्थाने प्रकाश बाहेर टाकला तर तो तेवढ्या प्रमाणात हलका होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हे प्रमाण प्रकाशवेगाच्या वर्गाने ठरते, म्हणून ते इतके प्रचंड: एका ग्रॅममागे अडीच कोटी युनिट ऊर्जा. डिसेंबर 1938 मध्ये बर्लिनमध्ये ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना युरेनियममधून बेरियम मिळाले, म्हणजे युरेनियमचे केंद्रक फुटले असावे. नाझींमुळे जर्मनी सोडावी लागलेली लिझे माइटनर आणि तिचा भाचा ऑटो फ्रिश हे स्वीडनमध्ये बर्फातून फिरताना एका ओंडक्यावर बसले आणि कागदाच्या चिटोऱ्यांवर आकडे मांडू लागले. फुटलेल्या केंद्रकाची तूट एका प्रोटॉनच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी आली. बाहेर पडणाऱ्या ऊर्जेशी ती नेमकी जुळली. विज्ञानाच्या इतिहासात इतका थोर हिशेब इतक्या साध्या जागी क्वचितच झाला असेल.

भारतात 4 ऑगस्ट 1956 रोजी ट्रॉम्बेला होमी भाभांच्या नेतृत्वाखाली ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. 1969 मध्ये तारापूरची अणुवीज आली, आणि 1993 मध्ये व्याऱ्याजवळ काकरापारचे पहिले 220 मेगावॉटचे युनिट व्यावसायिकरीत्या चालू झाले. 700 मेगावॉटचे पहिले देशी युनिट जून 2023 मध्ये आणि त्याचे जोडीदार मार्च 2024 मध्ये त्या टप्प्यावर पोचले.

काकरापारची ही कहाणी तापीच्या काठची आहे, आणि खानदेशी माणसाला ती परकी वाटायचे कारण नाही. भुसावळजवळून वाहणारी हीच नदी गुजरातेत उतरते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे तापी खोऱ्यातल्या रेल्वेने सुरतेस आली. लिंबायत, उधना, पर्वत पाटिया या पट्ट्यात आजही पाळी सुटली की अहिराणी कानावर पडते.

वरच्या अंगाला उकाईचे धरण आहे. तिथे 300 मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे आणि जवळच कोळशावरचे औष्णिक केंद्र. वस्तुमान घटते ते फक्त अणुभट्टीत, हा समज इथेच खोडता येतो. कोळसा जळतानाही कोळसा आणि प्राणवायू यांच्या एकत्रित वजनापेक्षा निघालेला वायू आणि राख किंचित हलके भरतात. मात्र एका किलोमागे ही तूट एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी, कुठल्याच काट्यावर न दिसणारी. उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या बाबतीत ती आणखी सूक्ष्म. नियम तिन्ही ठिकाणी एकच. फरक एवढाच की केंद्रकातली बांधणी रासायनिक बांधणीपेक्षा लाखो पटींनी बळकट असते. एक किलो युरेनियम-235 पूर्ण फुटले तर सुमारे एक ग्रॅम घट येते.

अणुभट्टी बंद केली तरी तिच्यातली घट थांबत नाही, आणि याचे भान ठेवणे फार गरजेचे आहे. फुटलेल्या केंद्रकांचे तुकडे किरणोत्सारी असतात. भट्टी बंद होताच त्यांची उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, दिवसभरात ती एका टक्क्याच्या खाली येते, पण संपत नाही. जून 1994 मध्ये अतिवृष्टीचे पाणी काकरापारच्या टर्बाइन इमारतीत शिरले. भट्टी बंद असली तरी इंधन थंड ठेवणारे पंप आणि त्यांची वीज शाबूत राहणे का आवश्यक असते, ते अशा वेळी कळते.

रोजच्या त्या दोन ग्रॅमांपैकी साधारण दोन तृतीयांश वाटा टर्बाइनमागच्या थंड पाण्यातून आणि कूलिंग टॉवरमधून वातावरणात जातो. उरलेला तारेत जातो आणि ग्रिडमध्ये उकाईच्या व इतर केंद्रांच्या विजेत मिसळतो. उधन्याच्या एखाद्या कारखान्यात एक अश्वशक्तीच्या मोटरवर पॉवरलूम बारा तासांची पाळी चालला, तर तो सुमारे नऊ युनिट घेतो. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे आपटतो, बीमवरचा ताणा खडखडत उलगडतो, कापडाचा तागा वाढत जातो. नऊ युनिटांपैकी जवळजवळ सारी ऊर्जा अखेर त्या खोलीतल्या हवेत, भिंतींत आणि यंत्राच्या लोखंडात उष्णता म्हणून उतरते. ती बाहेर निघून जाईपर्यंत एवढ्या सगळ्याचे वस्तुमान वाढलेले असते: नऊ युनिटांमागे एका मायक्रोग्रॅमच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने.