पुढचा सिनेमा कोणता? सुचवणाऱ्या यंत्राची गोष्ट



गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळासाठी एक छोटं वेब अ‍ॅप करायला घेतलं. कल्पना साधी होती. मराठी, हिंदी, इंग्रजी चित्रपटांची यादी चाळायची, पोस्टर बघायचं, आणि एखादा आवडला की यंत्राने 'हेही पाहा' म्हणून आणखी पाच सुचवायचे. चित्रपटांची माहिती 'टीएमडीबी' या लोकांनीच भरत आणलेल्या संग्रहातून घेतली. चाळण्याचा भाग दोन वीकेंडमध्ये झाला. सुचवण्यापाशी मात्र गाडी अडली. 'श्वास' आवडला म्हणून सांगा, नाहीतर 'सैराट', यंत्र फिरून फिरून तेच दहा-बारा गाजलेले इंग्रजी चित्रपट पुढे करायचं!

असं का होतं ते शोधायला बसलो आणि इतिहासात शिरलो. गंमत म्हणजे त्यातला मोठा भाग इथेच, मी राहतो त्या मिनियापोलिसमध्ये घडलेला निघाला.

सुरुवात सिनेमापासून नाही, ई-मेलपासून झाली. पालो आल्टोच्या झेरॉक्स संशोधन केंद्रातल्या लोकांना मेलचा पूर आवरेना. १९९२ साली त्यांनी 'टॅपेस्ट्री' नावाच्या प्रणालीची माहिती प्रसिद्ध केली. कोणी एखादा मजकूर वाचून त्यावर शेरा मारायचा, आणि इतरांनी त्या शेऱ्यांवरून आपली टपाल गाळून घ्यायची. 'कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग' हा शब्द तिथला. पण कोणाचा शेरा मानायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं, म्हणजे माणसं एकमेकांच्या ओळखीची हवीत.

ओळखीची ही अट १९९४ मध्ये 'ग्रुपलेन्स'ने काढून टाकली. मिनेसोटा विद्यापीठातले जॉन रीडल आणि एमआयटीतले पॉल रेझनिक यांच्या गटाने ते यूजनेटसाठी केलं. (आपल्यातल्या जुन्या मंडळींना सॉक-कल्चर-इंडियन-मराठी आठवत असेल, तेच यूजनेट.) वाचकाने लेखाला एक ते पाच गुण द्यायचे. यंत्र सगळ्यांचे गुण ताडून पाहणार, ज्यांची मतं तुमच्याशी जुळतात ते तुमचे 'शेजारी' धरणार, आणि शेजाऱ्यांना आवडलेलं पण तुम्ही न वाचलेलं तुमच्यापुढे ठेवणार. लेखात काय लिहिलंय हे यंत्राला कळायची गरजच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सिनेमा यात लगेचच आला. न्यू जर्सीतल्या बेलकोरच्या संशोधकांनी १९९५ मध्ये एका प्रयोगाचा अहवाल दिला. चित्रपटांना दिलेले गुण ई-मेलने पाठवायचे, उत्तरात शिफारशींची यादी मेलनेच यायची. त्याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट कंपनीने 'ईचमूव्ही' ही साइट चालवली. १९९७ मध्ये ती बंद झाली तेव्हा ७२,९१६ जणांनी १,६२८ चित्रपटांना दिलेली २८ लाख मतं जमली होती. त्या शिदोरीवर मिनेसोटाच्या गटाने त्याच वर्षी 'मूव्हीलेन्स' सुरू केलं. १९९८ मध्ये त्यांनी ९४३ लोकांची १,६८२ चित्रपटांवरची एक लाख मतं अभ्यासासाठी खुली केली. या विषयातला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी आजही त्या एक लाख मतांवर हात साफ करतो. मीही त्यांचेच पुढचे मोठे संच वापरले होते.

यानंतरचा भाग बऱ्याच जणांना ठाऊक असेल. नेटफ्लिक्स तेव्हा पोस्टाने डीव्हीडी पाठवायचं. ऑक्टोबर २००६ मध्ये त्यांनी स्पर्धा लावली: आमच्या 'सिनेमॅच'पेक्षा दहा टक्के अचूक अंदाज करा आणि दहा लाख डॉलर घ्या. सरावासाठी ४,८०,१८९ ग्राहकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेली १० कोटींहून जास्त मतं दिली, नावं काढून. आकडा अफाट वाटतो ना? पण ग्राहक उभे आणि चित्रपट आडवे मांडून तक्ता केला तर साडेआठशे कोटी घरं होतात. त्यातली भरलेली शंभरात जेमतेम सव्वा. बाकी सगळी रिकामी, आणि ती अंदाजाने भरायची हेच सगळं कोडं!

डिसेंबर २००६ मध्ये 'सायमन फंक' या नावाने लिहिणाऱ्या एका स्पर्धकाने आपली युक्ती सगळ्यांना सांगून टाकली. प्रत्येक चित्रपटाला आणि प्रत्येक प्रेक्षकाला काही आकडे द्यायचे, दोघांचे आकडे गुणून बेरीज केली की मत मिळालं पाहिजे. चुकलं की आकडे किंचित सरकवायचे, पुन्हा करायचं, कोट्यवधी वेळा. शेवटी विनोदी-गंभीर, बालिश-प्रौढ अशा छटा त्या आकड्यांत आपोआप उतरतात. २००९ मध्ये 'बेलकोर्स प्रॅग्मॅटिक केऑस' या संघाने बक्षीस घेतलं. दुसऱ्या संघाचं उत्तर तितकंच अचूक होतं, पण वीस मिनिटं उशिरा पोचलं. सरासरी चूक ०.९५२५ ताऱ्यांवरून ०.८५६७ वर आली होती. तीन वर्षांची खटपट आणि फरक एका ताऱ्याच्या दहाव्या भागाएवढाही नाही. २०१२ मध्ये नेटफ्लिक्सनेच सांगितलं की ते अंतिम सूत्र त्यांनी वापरात आणलंच नाही, आधीच्या टप्प्यातल्या दोन पद्धती तेवढ्या घेतल्या.

पण या स्पर्धेतली खरी धडा शिकवणारी गोष्ट वेगळीच आहे. टेक्सास विद्यापीठातल्या अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी २००८ च्या निबंधात दाखवलं की नावं काढून काही उपयोग नाही. एखाद्याची आठ मतं आणि त्यांच्या अंदाजे तारखा माहीत असल्या, त्यातली दोन साफ चुकीची असली, तरी शंभरातले नव्याण्णव लोक तक्त्यात नेमके सापडतात. आयएमडीबीवर उघडपणे दिलेल्या मतांशी ताडून त्यांनी काही जण शोधूनही दाखवले. २००९ च्या डिसेंबरात खटला झाला, आणि मार्च २०१० मध्ये नेटफ्लिक्सने दुसरी स्पर्धा रद्द केली.

आता माझ्या अ‍ॅपकडे येतो. हे वाचल्यावर माझ्या दोन चुका कळल्या. पहिली, ज्याच्या रांगेत मतं नाहीत त्याला शेजारी नाहीत, आणि शेजारी नाहीत त्याला यंत्र दिसतच नाही. मूव्हीलेन्समध्ये मराठी चित्रपटांवर मतं फारच थोडी. म्हणजे यंत्र पक्षपाती वगैरे नव्हतं, आपल्या चित्रपटांबद्दल तिथे कोणी बोललंच नव्हतं. दुसरी, मी सभासदांचे तारे जमवणार होतो. पाच लाखांत माणूस लपत नाही, तर शंभर-सव्वाशे कुटुंबांच्या मंडळात काय लपणार? कार्यवाहांच्या लाडक्या चित्रपटाला एक तारा कोणी दिला हे दिवाळीच्या फराळापर्यंत गावभर झालं असतं!

म्हणून तारे काढून टाकले. हल्लीच्या एआयला चित्रपटाचं वर्णन दिलं की तो त्याचे आकडे करतो, अर्थाने जवळची वर्णनं जवळ येतात. मत एकही नसलं तरी चालतं. ग्रुपलेन्सला मजकूर वाचायची गरज नव्हती, हे यंत्र मजकूरच वाचतं. पण पहिल्या दिवशी 'श्वास'ला जोडीदार म्हणून त्याने डॉक्टर-दवाखान्याचे यच्चयावत चित्रपट काढले. आजोबा आणि नातवाची ती गोष्ट आहे, हे संग्रहातल्या दोन ओळींच्या वर्णनात नीट आलंच नव्हतं. मग आईला विचारलं. ती म्हणाली, "अरे, शेवटचा दिवस नातवाला डोळे भरून बघू देणारा आजोबा आहे तो, दवाखान्याचं काय घेऊन बसलास?" तेच वाक्य वर्णनात घातलं, तेव्हा कुठे यादी सुधारली.

तर मंडळी, विनंती एवढीच. आपल्या आवडीच्या पाच मराठी चित्रपटांवर, तो का आवडला हे सांगणाऱ्या दोन-दोन ओळी मला पाठवा. नाव घालणार नाही, तारे तर नाहीतच. १९९२ पासून ही सगळी यंत्रं कोणीतरी वेळ काढून लिहिलेल्या शेऱ्यांवर चालत आली आहेत, आणि मराठी सिनेमाबद्दल ते आपणच लिहायला हवेत.

चूकभूल द्यावी घ्यावी. कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मिनियापोलिसकर