कळव्याचा पूल आणि बेटावर थांबलेली पहिली रेल्वे

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात कोणाला उशीर झाला की निम्म्या वेळा एकच मेसेज येतो: "कळवा ब्रिज. जाम." मी स्वतः कळव्यातून येतो, त्यामुळे या पुलावर रिक्षात बसून बराच वेळ गेलाय माझा. आज त्याच पुलाबद्दल बोलूया. खरं तर तिथे पूल एक नाही, शेजारी शेजारी तीन आहेत. त्यातला सगळ्यात जुना, दगडी कमानींचा, १८६३ सालचा.

पण त्याच्याही आधी दहा वर्षं मागे जायला लागेल. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली, तीन इंजिनं, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर. हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. ती ठाण्यातच का थांबली, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. उत्तर साधं आहे, पुढे खाडी होती. ठाणे हे साष्टी बेटाच्या पूर्व काठावर आहे. मुंबई बेट, साष्टी बेट, दोन्ही बेटंच. म्हणजे भारतातली पहिली प्रवासी गाडी भारताच्या मुख्य भूमीला शिवलीच नाही! बेटावर निघाली, बेटावर थांबली.

कंपनीला ठाण्यात फारसं काही मिळणार नव्हतं. त्यांना घाटावरचा कापूस हवा होता. त्यासाठी खाडीवर रेल्वेचा पूल बांधला गेला आणि १ मे १८५४ ला गाडी कल्याणपर्यंत गेली. जी.आय.पी. रेल्वेचे मुख्य अभियंता तेव्हा जेम्स बर्कली. माझ्या मते रेल्वे खऱ्या अर्थाने देशात शिरली ती या दिवशी. पण १६ एप्रिल आपण दरवर्षी साजरा करतो आणि १ मे १८५४ कोणाला आठवतही नाही. (डेमोचं कौतुक जास्त होतं, रिलीजचं कमी. आमच्या धंद्यात हे नेहमीचं.)

आता १८६३. त्या वर्षी बोरघाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला. ठाण्याला नगरपालिका मिळाली तीही त्याच वर्षी. आणि रेल्वेच्या पुलापासून थोडं उत्तरेला, गाड्या-घोड्यांसाठी हा दगडी पूल.

जागा कुठली निवडली बघा. पुलाच्या ठाण्याकडच्या टोकाला आज सेंट्रल जेल आहे. ते जेल म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. पोर्तुगिजांनी तो १७३०च्या सुमारास बांधायला घेतला, काम पुरं व्हायच्या आधीच १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकला. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. खाडी ओलांडायची जागा ज्याच्या हातात, साष्टी त्याच्या हातात, असा तो हिशोब होता.

पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला. बाजीराव दुसऱ्याचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे इथेच कैदेत होता आणि सप्टेंबर १८१६ मध्ये इथूनच निसटला. बाहेर घोड्याची देखभाल करणारा एक मराठी माणूस गाण्यातून त्याला निरोप देत होता आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कळत नव्हतं, अशी गोष्ट बिशप हेबरने लिहून ठेवलीये. याच जेलमध्ये १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. आपण ज्या वळणावर हॉर्न वाजवत उभे असतो, त्याच्या भिंतीपलीकडे हे घडलंय.

या दगडी पुलाने गाड्या-घोड्यांपुरतं काम केलं असतं तरी पुरे होतं. पण १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, वागळे इस्टेट ही तिची सुरुवातीची वसाहत. खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यावर एकामागून एक कारखाने उभे राहिले. बैलगाडीच्या हिशोबाने बांधलेल्या कमानींवरून लोखंडाचे ट्रक जायला लागले आणि तरीही पूल टिकला. शेजारी दुसरा पूल झाला तो १९९०च्या दशकात. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला, माणसं गेली आणि त्यानंतर आपला हा पूलही वाहनांसाठी बंद केला. योग्यच केलं. तिसरा पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला.

आता प्रश्न असा, की या म्हाताऱ्याचं करायचं काय? पाडून टाका म्हणणारे आहेत आणि खाडीच्या प्रवाहात जुने खांब अडथळा होतात हा त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण माझं मत सांगतो. गाड्यांचा भार गेला, तर माणसांचा भार तो पेलू शकेल का, हे आधी नीट तपासा. पेलत असेल तर चालणाऱ्यांसाठी उघडा. कळव्यातून कोर्टनाक्याला पायी येणारे रोज किती आहेत ते सकाळी उभं राहून बघा. आणि निदान १८६३ लिहिलेली एक पाटी तरी लावा.

१८५४च्या त्या मार्गाने आजही स्लो लोकल कळवा-मुंब्र्याचा डोंगर वळसा घालून जाते. तो वळसा टाळायला १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा आला. त्याबद्दल पुढच्या भागात.