100 टनांची गाडी आणि शेपटीवर बसलेला माणूस (एपिसोडचा लेखी मजकूर)

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, 20 टनी पोकलेन आहे. कर्ज काढून लोबेड ट्रेलर घेतोय. दोन ॲक्सलचा घेऊ की तीन?" इतिहासाच्या पॉडकास्टला हे विचारणारा माणूस मला फार आवडला. उत्तर देतो, पण आधी जरा फिरून येऊ.

वर्ष 1929, इंग्लंड. स्कॅमेल नावाच्या कंपनीने 100 टन वाहणाऱ्या गाड्या बांधल्या. किती? फक्त दोन! त्यांचं एक मोठं काम म्हणजे रेल्वेची इंजिनं कारखान्यातून बंदरावर पोचवणं. आता तुम्ही म्हणाल, रेल्वेचं इंजिन रुळांवरूनच का नाही नेलं? तर परदेशी जाणाऱ्या इंजिनांची हीच पंचाईत होती. ब्रिटनच्या रुळांमधलं अंतर 1,435 मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजचं 1,676. आपल्यासाठी बनवलेलं ब्रॉडगेज इंजिन तिथल्या रुळांवर स्वतःच्या चाकांनी चालणंच शक्य नव्हतं.

त्या स्कॅमेलचं इंजिन 100 अश्वशक्तीच्याही आतलं. आजच्या कितीतरी कार त्याहून ताकदवान आहेत. भरलेली गाडी माणूस सावकाश धावेल एवढ्याच वेगाने जायची. मग 100 टन कसे हलायचे? गिअर खूप कमी वेगाचे, आणि खरी करामत मागे होती. दोन टोकांच्या चाकांमध्ये मधला पाट खाली लोंबता ठेवलेला, आणि शेपटीवर दुसरा माणूस बसलेला. मागची चाकं तो वळवायचा. ड्रायव्हरशी बोलायला चक्क टेलिफोन! वळणावर पुढचा सांगणार आणि मागचा ऐकणार. दोघांचं भांडण झालं असेल त्या दिवशी काय होत असेल, कल्पना करा.

पाट खाली का? उंचीसाठी. 20 टनी पोकलेन बूम दुमडून साधारण 3 मीटर उंच भरतं. साध्या ट्रेलरचा पाट जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास असतो. झाले साडेचार. विजेच्या रेल्वेमार्गावरच्या फाटकाअलीकडे ती लोखंडी कमान असते ना, तिची उंची 4.67 मीटर. म्हणजे एका वीतभर फरकावर तुमचं कर्ज लटकलेलं! लोबेडमध्ये पुढची मान हंसासारखी वर उचललेली असते आणि पाट खाली घेतलेला, त्यामुळे अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त उंची वाचते. पण फार खाली गेलात तर आपले गतिरोधक आहेतच. पोट टेकलं की मागे शंभर गाड्या हॉर्न वाजवत उभ्या.

आता ॲक्सल. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ खास चाचणीसाठी बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराचे ड्रायव्हर ट्रक गोल गोल फिरवत राहिले. रस्ता किती दिवसांत फुटतो हे बघायचं होतं. निष्कर्ष असा की रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घातात वाढते. वजन दुप्पट केलं की झीज सोळापट! मला विचाराल तर रस्त्यांच्या इतिहासातला हा सगळ्यात दुर्लक्षित आकडा आहे.

2018 मध्ये आपल्याकडे चार टायरच्या एका ॲक्सलची मर्यादा 10.2 वरून 11.5 टन झाली. वाहतूकदारांना बरं वाटलं, साहजिकच आहे. पण याच हिशोबाने एका ॲक्सलमागे झीज सुमारे 1.6 पट होते. खड्ड्यांना शिव्या देताना हे पण लक्षात असू द्या.

तर दादा, तुझा ढोबळ हिशोब. मशीन 20 टन, ट्रेलर स्वतः समजा 12. त्यातले 10 टन मानेतून पुढच्या घोड्यावर जातात, उरले 22. जवळजवळ लावलेल्या दोन ॲक्सलची मिळून मर्यादा 21 टन. म्हणजे ब्रेकर, जादाची बकेट न चढवताच तू ओव्हरलोड! तीन ॲक्सल घेतलेस तर प्रत्येकावर सात-साडेसात टनच येतात आणि रस्त्याची झीजही साधारण एक तृतीयांशावर येते. चार टायर जास्त लागतील आणि घाटातल्या वळणात ते घासतील, हा तोटा खरा. टोल मात्र बहुधा तोच, कारण राष्ट्रीय महामार्गावर चार ते सहा ॲक्सल एकाच गटात मोजतात. घोडा तीन ॲक्सलचा असला तरी एकूण सहाच होतात. आणि मशीन कुठे उभं करतोस तेही बघ. फूटभर मागे सरकलं तरी वर मांडलेला हिशोब बदलतो.

एवढं सगळं जुळवूनही रस्ताच अपुरा पडला तर? 8 जुलै 2019 ला महाराष्ट्रातून एक ट्रेलर निघाला. त्यावर तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी ऑटोक्लेव्ह नावाचं अवजड यंत्र होतं. वजन सुमारे 70 टन, उंची साडेसात मीटर, रुंदी 6.65 मीटर. ॲक्सल भरपूर होते, त्यामुळे वजनाचा प्रश्न सुटला होता. उंची-रुंदीचं काय करणार? वाटेत विजेच्या तारा बाजूला काढाव्या लागल्या, झाडं तोडावी लागली, आणि मध्येच लॉकडाऊन लागला. साधा ट्रक आठवड्याभरात जातो तिथे ही गाडी जुलै 2020 मध्ये पोचली.