नाईलवरचा रईस आणि त्याचे उतारू

मराठीत 'रईस' म्हटले की लोडाला टेकून बसलेला धनिक गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. अरबीत या शब्दाचा अर्थ प्रमुख, म्होरक्या असा आहे. एकोणिसाव्या शतकात नाईल नदीवर हौशी परदेशी प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या शिडाच्या बोटीचा जो तांडेल, त्यालाही रईसच म्हणत. तो आणि त्याचे खलाशी बोटीच्या पुढल्या उघड्या भागात घोंगडी पांघरून झोपत. मागच्या बाजूच्या खोल्या, पलंग आणि पुस्तकांची फळी उतारूंची असे. या व्यवसायावर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु जवळजवळ सगळे उतारूंनी. रईसाने दर हिवाळ्यात नवे उतारू पाहिले, आणि त्याचे त्यांच्याविषयीचे मत मात्र आपल्यापर्यंत पोहोचले नाही. ते उतारूंच्याच पुस्तकांतून, त्यांच्या तक्रारींच्या आणि विनोदांच्या आडून, कितपत वाचता येते हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

या बोटीला दहाबिया म्हणत. सपाट तळाची, लांबलचक, पुढे एक प्रचंड तिकोनी शीड आणि मागे एक लहान. अमेलिया एडवर्ड्‌स या इंग्रज लेखिकेने १८७३-७४च्या हिवाळ्यात जी 'फिली' नावाची दहाबिया भाड्याने घेतली, ती सुमारे शंभर फूट लांब आणि वीस फूट रुंद होती. तिच्यावर रईस हसन, सुकाणूवाला, बारा खलाशी, दुभाषी, स्वयंपाकी आणि वाढपी असा सुमारे वीस माणसांचा ताफा होता. उतारू पाचसहा. एडवर्ड्‌सबाई काही इजिप्तच्या ओढीने निघालेल्या नव्हत्या. फ्रान्समध्ये पावसाने पिच्छा पुरवला म्हणून त्या कैरोला आल्या, हे त्यांनीच मोकळेपणाने सांगितले आहे. या सफरीवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १८७७ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८८२ मध्ये इजिप्तमधील उत्खननांसाठी निधी उभारणारी संस्था स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता. एका पावसाने एवढे केले.

नाईलच्या शिडाच्या प्रवासाचे गणित निसर्गानेच सोपे करून ठेवले आहे. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणजे जाताना वाऱ्यावर जायचे आणि येताना प्रवाहाबरोबर. परतीच्या वेळी मोठ्या शिडाचा वासा उतरवून ठेवीत, पुढच्या भागातील फळ्या काढून वल्हेकऱ्यांना जागा करीत, आणि बोट वल्हवत, वाहवत कैरोला येई. जाताना वारा पडला तर खलाशी काठावर उतरून दोरी खांद्यावर घेत आणि बोट ओढत चालत. वाळूत रुतली तर पाण्यात उड्या टाकून पाठीने रेटत. दर वर्षीच्या पुरानंतर वाळूचे बांध जागा बदलत, त्यामुळे गेल्या वर्षीचा नकाशा यंदा निरुपयोगी. पाण्याच्या रंगावरून आणि लाटेच्या चालीवरून खोली ओळखणे हीच रईसाची विद्या होती.

याच गणितातून उतारू आणि रईस यांच्यातील कायमचा झगडा जन्मला. शहाणपणाचा नियम असा, की वर जाताना वारा असेल तोवर कुठेही थांबायचे नाही. देवळे, थडगी काय पाहायची ती परतताना. पण उतारूला डाव्या काठावर खांब दिसले की उतरावेसे वाटे, आणि खांब नेमके चांगल्या वाऱ्याच्या दिवशीच दिसत. उलट वारा पडलेल्या दिवशी, उजाड वाळूपलीकडे काहीच नसे, तेव्हा तो रईसाला आळशी म्हणे. भाडे महिन्याच्या हिशेबाने ठरले असेल तर बोट मुद्दाम रेंगाळते असा संशय. संपूर्ण सफरीचे ठोक ठरले असेल तर आपल्याला पळवत नेतात असा. म्हणजे करार कसाही करा, एका बाजूला घड्याळ आणि दुसऱ्या बाजूला वारा, आणि मधोमध दुभाषी. दोघांनाही सोयीस्कर तेवढेच भाषांतर तो करी असे मानायला जागा आहे.

करार वकिलातीत साक्षीदारांसमोर होई. यातही एक मेख होती. ऑटोमन साम्राज्याने युरोपीय राष्ट्रांना दिलेल्या जुन्या सवलतींमुळे परदेशी माणूस स्थानिक न्यायालयाच्या कक्षेबाहेर असे. १८७६ पासून मिश्र न्यायालये सुरू झाली, तोवर इजिप्शियन नावाड्याला परदेशी उतारूविरुद्ध दाद मागायची तर ती उतारूच्याच वकिलातीत. उतारूची रईसाविरुद्धची तक्रार मात्र पुढच्या गावच्या अधिकाऱ्याकडे जाई आणि तेथे छडी तयार असे. त्या काळातील प्रवासवर्णने वाचताना हा असमतोल सतत लक्षात ठेवावा लागतो. 'आमचा रईस फार नम्र होता' या वाक्याचा अर्थ त्याशिवाय लागत नाही.

कैरोच्या बुलाक धक्क्यावर बोटी भाड्याने मिळत. दोनतीनशे दहाबिया एका रांगेत उभ्या, आणि भाव रोज वरखाली. हॉटेलांत किती पाहुणे उतरले याच्या बातमीवर बाजार चाले. प्रत्येक रईस आधीच्या उतारूंनी लिहून दिलेली शिफारसपत्रे पुढे करी. एडवर्ड्‌सबाईंनी येथे एक मार्मिक नोंद केली आहे: हीच पत्रे निरनिराळ्या बोटींवर, निरनिराळ्या माणसांच्या हाती पुन्हा पुन्हा दिसत. त्यांना यात लबाडी दिसली, आणि ती होतीही. पण क्षणभर रईसाच्या बाजूने पाहावे. त्याच्या भाकरीचा आधार असलेला हा कागद त्याला न येणाऱ्या भाषेत, आता दूरदेशी गेलेल्या माणसाने लिहिलेला. त्यात स्तुती आहे की टिंगल, हे त्याला दुसऱ्याकडूनच कळायचे. असा कागद त्याच्या दृष्टीने ताईतासारखाच असणार, आणि ताईत भावाभावांत उसना देता येतो.

उतारूंसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकांचा सूरही पाहण्याजोगा आहे. गार्डनर विल्किन्सन यांचे इजिप्तवरील पुस्तक १८४७ साली लंडनच्या मरे या प्रकाशकाने प्रवाशांच्या खिशात मावेल अशा रूपात काढले. उंदीर आणि ढेकूण यांचा नायनाट व्हावा म्हणून बोट ताब्यात घेण्यापूर्वी ती नदीत बुडवून घ्यावी, असा सल्ला त्या काळी गंभीरपणे दिला जाई आणि पाळलाही जाई. बोट बुडवून पुन्हा वर काढणे हे काम कोणाचे, हे सांगायला नको.

करारात खलाशांच्या बाजूचे म्हणावे असे एक कलम रूढ होते. वाटेत अस्यूत आणि एस्ना येथे त्यांना भाकरी भाजून घेण्यासाठी सुमारे एक दिवस मिळे. गावच्या भट्टीत एकदम कित्येक दिवसांची भाकरी भाजायची, तिचे तुकडे बोटीवर उन्हात वाळवायचे आणि मग मसुरीच्या आमटीत भिजवून सर्वांनी एकाच भांड्यातून खायचे. उतारूंच्या रोजनिशीत या दिवसाविषयी बहुधा चडफड असते: वारा उत्तम, आणि आम्ही भाकरीसाठी अडकलो! मोठा मुक्काम गाठला की उतारूंनी खलाशांना मेंढी द्यायची, हाही रिवाज होता. आणि अर्थात 'बख्शीश'. आपल्या 'बक्षीस' या शब्दाचेच हे भावंड. पण मराठीत बक्षीस जिंकणाऱ्याला मिळते, नाईलवर ते मागणाऱ्याला. उतारूंच्या पुस्तकांत या शब्दाची थट्टा इतकी आहे की वेतन किती अपुरे होते हा प्रश्न थट्टेतच बुडून जातो.

या सर्व लेखकांत ल्युसी डफ गॉर्डन वेगळ्या उठून दिसतात. क्षयामुळे त्या १८६२ मध्ये इजिप्तला आल्या, पुढे लक्सोरला देवळाच्या अवशेषांवर बांधलेल्या घरात राहिल्या आणि १८६९ साली कैरोत वारल्या. हॅरिएट मार्टिनो यांच्या १८४८च्या प्रवासग्रंथाविषयी त्यांनी पत्रात जे लिहिले त्याचा आशय असा, की वर्णने उत्तम आहेत, पण त्यांतील माणसे केवळ देखाव्याचा भाग आहेत. एवढ्या थोडक्यात या वाङ्मयप्रकाराची अशी चिकित्सा दुसऱ्या कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

देखाव्याचा भाग म्हणजे काय, हे एका खलाशाच्या बाबतीत शब्दशः दाखवता येते. १८४९-५० मध्ये फ्लोबेर आणि त्याचा मित्र माक्सीम द्यू काँ नाईलवर होते. (फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्याच हिवाळ्यात दुसऱ्या बोटीत होती.) द्यू काँपाशी छायाचित्रणाचे सामान होते. भव्य वास्तूंचा आकार कळावा म्हणून तो हाजी इस्माईल या आपल्या खलाशाला पुतळ्यांवर, खांबांवर चढवून उभा करी. त्या काळी चित्र उमटायला वेळ लागे आणि माणूस हलता कामा नये. म्हणून द्यू काँने त्याला सांगितले की कॅमेऱ्याची पितळी नळी ही तोफ आहे, हललास तर गोळे सुटतील. हाजी इस्माईल हलला नाही. १८५२ साली पॅरिसमध्ये निघालेल्या त्या सव्वाशे छायाचित्रांच्या ग्रंथात तो जागोजागी आहे, एखाद्या मोजपट्टीसारखा. हा किस्सा द्यू काँने खलाशाच्या भोळेपणाचा नमुना म्हणून सांगितला आहे. खरेच त्याने विश्वास ठेवला, की नोकरीतली आणखी एक विचित्र आज्ञा म्हणून तो स्तब्ध राहिला? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. पुरावा मात्र तोफेमागच्या माणसाचाच आहे.

एडवर्ड्‌सबाईंच्या ग्रंथातही असा एक प्रसंग आहे. अबू सिंबेलच्या एका महाकाय मुखावर, पूर्वी कोणी घेतलेल्या साच्याचे पांढरे चट्टे राहिले होते. बाईंच्या हुकमावरून खलाशांनी वल्ही आणि वासे बांधून उंच पहाड उभारला, चट्टे खरवडले आणि उरलेले डाग कॉफी फासून दगडाच्या रंगाचे केले. हंडेच्या हंडे कॉफी मागितल्याने स्वयंपाकी हवालदिल झाला, असे बाई मिश्किलपणे सांगतात. शिडे बांधणाऱ्या हातांनाच तो पहाड जमला, हे मात्र आपण ओळीओळींतून उचलायचे. त्याच सफरीत 'बॅगस्टोन्स' नावाची दुसरी दहाबिया बरोबर होती. तिच्यावरील मेरिअन ब्रॉकलहर्स्ट यांची रोजनिशीही पुढे छापली गेली. म्हणजे एका सफरीच्या उतारूंच्या दोन बखरी, आणि दोन्ही बोटींवरील खलाशांची एकही नाही.

हा धंदा मोडला तो वाफेने. टॉमस कुकने १८६९ मध्ये पहिली मंडळी नाईलवर नेली, लवकरच खेदिवाच्या आगबोटींची एजन्सी त्याच्याकडे आली आणि पुढे कंपनीच्या स्वतःच्या बोटी धावू लागल्या. दहाबियाला तीनचार महिने लागत तेथे आगबोट तीनेक आठवड्यांत जाऊन येई. तिकीट लंडनमध्येच निघे. बुलाकच्या धक्क्यावरचा सौदा, शिफारसपत्रे, वारा पडल्यावरची तोंडातोंडी, काहीच उरले नाही. अस्वानच्या पहिल्या धबधब्यावर तर शेकडो माणसे दोरांनी दहाबिया वर ओढत आणि त्यांचा शेख पैशांसाठी उतारूंशी दिवसेंदिवस घासाघीस करी. १९०२ मध्ये तेथे धरण झाले आणि बोटींना दरवाज्यांचा कालवा मिळाला. आगबोटीच्या सुकाणूपाशी माणूस स्थानिकच लागे, कारण वाळूचे बांध अजूनही दर वर्षी सरकत होते. पण तो आता वरच्या मजल्यावर एकटा उभा असे आणि उतारू खालच्या जेवणघरात. त्यांच्या पुस्तकांत यानंतर त्याचे नाव फारसे येत नाही.