पंचायत राज समिती (धाराशिव जिल्हा)

जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायती यांच्या खर्चाची तपासणी करणारी महाराष्ट्र विधिमंडळाची समिती. तिच्यात विधानसभा व विधान परिषद या दोन्ही सभागृहांचे सदस्य असतात. जिल्ह्यात ती ‘पीआरसी’ याच नावाने ओळखली जाते. लोकलेखा समिती राज्याच्या खात्यांचा खर्च तपासते, सार्वजनिक उपक्रम समिती महामंडळांचा. पंचायत राज समिती मात्र हिशेब घ्यायला थेट गावात येते, आणि आठ तालुक्यांच्या धाराशिवसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात तिचे मोल याच कारणाने अधिक आहे.

तपासणीची सुरुवात आक्षेपापासून होते. ग्रामपंचायतीने अंगणवाडीची खोली बांधली, बिल निघाले, पण मोजमाप पुस्तिकेत नोंद नाही किंवा रोकडवही आणि बँकेचे पासबुक जुळत नाही, असे आढळले की स्थानिक निधी लेखापरीक्षक परिच्छेद लिहितात. त्याचे अनुपालन गटविकास अधिकाऱ्यांमार्फत वर जाते. समाधान झाले नाही तर परिच्छेद प्रलंबित राहतो. असे परिच्छेद समितीपुढे येतात. दौरा साधारण तीन दिवसांचा असतो. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी व खातेप्रमुखांची साक्ष होते. मध्ये एक दिवस सदस्य गट करून पंचायत समित्या, शाळा, आरोग्य केंद्रे आणि प्रत्यक्ष कामे पाहतात. जिल्ह्यात न सुटलेल्या मुद्द्यांवर पुढे ग्रामविकास विभागाच्या सचिवांना मुंबईत साक्ष द्यावी लागते. त्यानंतर समितीचा अहवाल सभागृहात मांडला जातो. त्यात वसुलीची, विभागीय चौकशीची किंवा गुन्हा नोंदवण्याची शिफारस असू शकते.

समिती स्वतः कोणाला शिक्षा करत नाही. कारवाई शासनाने करायची असते. खरी अडचण विलंबाची आहे. आक्षेप जुना होतो, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) बदली होते, अधिकारी निवृत्त होतो, दप्तर सापडत नाही आणि वसुली कागदावर राहते. तरीही लोकप्रतिनिधींसमोर नोंदीवर उत्तर द्यावे लागणे ही साधी गोष्ट नाही. समितीपुढे खोटी साक्ष देणे हा विधिमंडळाचा हक्कभंग ठरू शकतो.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर धाराशिव जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासकाकडे गेला. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले, म्हणजे खर्च करणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच. स्थायी समितीत प्रश्न विचारायला निवडून आलेला सदस्य उरला नाही. अशा काळात जिल्ह्याबाहेरून येणाऱ्या समितीची जबाबदारी दुप्पट होते.

समिती पद्धतीच्या इतिहासात या भागाचा एक दुवा आहे. देशात लोकलेखा समिती १९२१ पासून आहे आणि संसदेत १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. पण लोकलेखा समिती पाहते तो झालेला खर्च. अनुदानाची मागणी मंजूर होण्यापूर्वीच मंत्रालयांना प्रश्न विचारणाऱ्या १७ विभागीय स्थायी समित्या १९९३ मध्ये नेमल्या गेल्या, तेव्हा शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष होते. १९७० च्या दशकात ते लातूरमधून विधानसभेवर निवडून आले, त्या वेळी लातूर उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातच होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. २००४ मध्ये विभागीय स्थायी समित्यांची संख्या २४ झाली.

समितीचा दौरा काही वर्षांनी एकदा होतो, तर ग्रामसभा वर्षातून अनेकदा भरते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ८ नुसार वार्षिक जमाखर्च, मागील लेखापरीक्षेची टिपणी आणि तिला दिलेली उत्तरे ग्रामसभेपुढे ठेवणे पंचायतीवर बंधनकारक आहे. ही कागदपत्रे मागण्याचा हक्क गावच्या प्रत्येक मतदाराला आहे. त्याने ती मागावी.