क्रेडिट कार्ड थकलंय? दावा लागण्याआधी लोकअदालतीत मिटवा

पुणे : पोरगं शहरात नोकरीला, कार्ड थकतं आणि नोटीस येते गावच्या पत्त्यावर. नुसतं बिल थकलं म्हणून अटक होत नाही, हा दिवाणी मामला. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

नोटीस लोकअदालतीची असेल तर शिवाजीनगर कोर्टात जरूर जा. दाव्याआधीची प्रकरणंही तिथं मिटतात, कोर्ट फी लागत नाही. व्याज-दंडात सूट मागा. न मागता कोण देतंय? पण झेपेल त्याच रकमेवर सही करा. तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही. हप्ते चुकले तर बँक थेट कोर्टामार्फत वसुली लावू शकते. पैसे फिटले की 'नो ड्यूज' पत्र घ्या. कायदेशीर मदतीची हेल्पलाइन : १५१००.