बनावट बियाणे: खरेदीपूर्वी व पेरणीनंतर घ्यावयाची काळजी
सोनपेठ परिसरात खरिपाच्या तोंडावर बिनबिलाचे स्वस्त कापूस व सोयाबीन बियाणे घेऊ नका. ‘तणनाशक मारले तरी पीक जळत नाही’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या एचटीबीटी कापसाला देशात मान्यता नाही. बिल नसल्याने फसवणूक सिद्ध करणे अवघड जाते.

• परवानाधारक कृषी सेवा केंद्रातूनच खरेदी करा. पक्क्या बिलावर वाण व लॉट क्रमांक पाहा.
• प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी असते.
• सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवा. किमान ७० उगवले पाहिजेत.
• पिशवी, खूणचिठ्ठी, बिल व थोडे बियाणे जपून ठेवा.

उगवण कमी झाल्यास शेत मोडण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. दुबार पेरणी केल्यावर पंचनाम्याला पुरावा उरत नाही.